मोटारींतील प्रथमोपचाराची पेटी

मे महिन्याची सुटी जवळ आली म्हणजे आपल्या घरांतून प्रवासाचे बेत ठरूं लागतात. कोणी कुलस्वामिनीच्या दर्शनास निघतात, कोणी आंब्या-फणसांसाठीं कोंकणांतील मूळ घरीं जातात, कोणाकडे मुंज वा लग्न असतें. पूर्वीं हा सारा प्रवास आगगाडीनें व एस. टी.नें होत असे. आतां सात माणसांची मोटार दारांत उभी असते, आणि आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत सारें कुटुंब तींत बसून पहाटे निघतें. निघण्यापूर्वीं चाकांतील हवा पाहिली जाते, कांचा पुसल्या जातात, गाडीपुढें नारळही फुटतो. लाडवांचा डबा, भडंग, पाण्याच्या बाटल्या यांपैकीं कांहींही विसरत नाहीं. प्रथमोपचाराची पेटी आहे का, असें विचारावें, तर “आहे कीं, गाडीबरोबरच आलेली आहे,” असें उत्तर मिळतें व तें खरेंही असतें. त्या पेटींत आज काय उरलें आहे, हें मात्र घरांतील एकासही सांगतां येत नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं आम्ही पुतण्याच्या गाडींतून भोरवरून वरंधा घाट उतरून महाडाकडे जात होतों. एका वळणावर मोटारसायकलवरील एक तरुण घसरून पडलेला दिसला. पोटरी चांगलीच फाटली होती व रक्त थांबत नव्हतें. पुतण्यानें गाडी बाजूस घेतली व तो डिकीकडे धांवला. पेटी डिकीच्या तळाशीं होती. तिच्यावर दोन बॅगा, तांदळाचें एक पोतें व मुलांची सायकल. हें सारें उतरवून पेटी हातीं येईपर्यंत बराच वेळ गेला. ती उघडली तों आंत चार चिकटपट्ट्या निघाल्या. त्यांचा डिंक उन्हानें वितळून त्या आपल्या वेष्टनालाच चिकटल्या होत्या. मलमाची एक नळी होती, तिची मुदत केव्हांच संपलेली. कात्रीची जागा रिकामी होती, कारण ती घरांत दुधाच्या पिशव्या कापण्याच्या कामीं लागली होती. तोंवर आमच्या वहिनींनीं आपल्या पिशवींतला धुतलेला पंचा काढून त्याची जाड घडी केली होती व ती जखमेवर दोन्ही तळहातांनीं दाबून त्या रस्त्यांतच बसल्या होत्या. “वहिनी, जरा उचलून पाहूं का?” असें आम्हीं विचारलें, तर त्यांनीं मानेनेंच नकार दिला. दहा-बारा मिनिटांत रक्त मंदावलें. मोबाईलला तेथें रेंज नव्हती. एका ट्रकवाल्यानें पुढें जाऊन निरोप पोंचविला व रुग्णवाहिका आली. तो मुलगा बरा झाला, असें पुढें कळलें.

त्या दिवशीं पंच्यानें जें काम केलें, तेंच पेटीनें करावयाचें असतें. आमच्या मतें ‘औषधपेटी’ हें नांवच फसवें आहे. तें ऐकून लोक तींत गोळ्या, मलमें व बाटल्या भरतात. रस्त्यावर पहिल्या अर्ध्या तासांत जें करावयाचें, म्हणजे रक्त थांबविणें, जखम झांकणें, मोडलेला अवयव हलूं न देणें, तें बहुतेक कापडानेंच साधतें. हें ज्ञान आपल्याकडे नवें नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत पट्टी बांधण्याच्या चौदा तऱ्हा सांगितल्या आहेत. सांध्यांस बांधावयाची ती स्वस्तिक, हनुवटीस व नाकास बांधावयाची ती गोफणा, अशीं त्यांचीं नांवें आहेत. पट्टी सुती असावी, लोंकरीची असावी कीं रेशमाची, याचाही विचार तेथें आढळतो. युरोपांत एस्मार्ख नांवाच्या जर्मन लष्करी शल्यवैद्यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्रिकोणी पट्टीचा प्रसार केला, आणि दुखावलेला हात गळ्यांत अडकविण्यास आजही तीच वापरतात. ती विकत घेण्याचेंही कारण नाहीं. जुन्या धोतराचा मीटरभर लांबी-रुंदीचा स्वच्छ तुकडा कर्णावर कापला कीं दोन पट्ट्या तयार होतात. भूमिति शिकवितांना हें उदाहरण आमच्या फार उपयोगीं पडत असे.

सात माणसांच्या गाडीस काय काय लागेल, तें येथें सांगतों. निर्जंतुक गॉझच्या दहा सेंटिमीटर चौरस घड्या दहा असाव्यात व प्रत्येक घडी आपल्या पाकिटांत बंद असावी. मोठ्या जखमेसाठीं जाड पॅड दोन. गुंडाळण्याचीं बँडेजें दहा सेंटिमीटर रुंदीचीं चार व पंधरा सेंटिमीटरचीं दोन. पाय मुरगळल्यास उपयोगी असें क्रेप बँडेज एक-दोन. त्रिकोणी पट्ट्या, कागदी चिकटपट्टीचें रीळ, मुलांच्या खरचटण्यासाठीं तयार लहान पट्ट्या वीसएक, सेफ्टी पिना, चिमटा, बोथट टोंकाची कात्री, हातमोज्यांच्या चार जोड्या व लहान बॅटरी. कात्री घरांत परत जाणार नाहीं, अशा बेतानें ती पेटीच्या झांकणास दोरीनें बांधून टाकावी. कापूस थोडा ठेवावा, पण तो उघड्या जखमेवर थेट लावूं नये. त्याचे तंतु जखमेंत अडकतात व पुढें डॉक्टरांस ते वेंचीत बसावें लागतें. जखम धुण्यास साबण व स्वच्छ पाणी यांच्यासारखें दुसरें कांहीं नाहीं, म्हणून दोन लिटर पाणी गाडींत नेहमीं निराळें असावें. पोव्हिडोन आयोडीनची लहान बाटली ठेवल्यास हरकत नाहीं. आमच्या लहानपणचें लाल औषध, म्हणजे मर्क्युरोक्रोम, मात्र आतां विसरावें; त्यांत पारा असतो, आणि अमेरिकेंत १९९८ सालीं तें सर्वमान्य सुरक्षित औषधांच्या वर्गांतून काढून टाकण्यांत आलें. उन्हाळ्याच्या प्रवासांत ओ. आर. एस.च्या चार पुड्या जवळ असाव्यात. त्या एक लिटरच्याही मिळतात व २०० मिलिलिटरच्याही. वेष्टनावर जेवढें पाणी लिहिलें असेल तेवढेंच मोजून घालावें. घाटांत मुलांना हमखास होणाऱ्या उलट्यांसाठीं कागदी पिशव्या व आलेपाकाच्या वड्या गृहिणी न सांगतां घेतातच.

आतां गोळ्यांविषयीं. आपल्याकडील उन्हांत कांचा बंद करून उभ्या केलेल्या मोटारींतील उष्णता ६० अंश सेल्सियसच्याही वर जाऊं शकते. औषधांच्या वेष्टनावर मात्र बहुधा २५ किंवा ३० अंशांखालीं ठेवावें, असें छापलेलें असतें. न उघडलेलें इन्सुलिन तर २ ते ८ अंशांत ठेवावें लागतें. हृदयविकाराच्या माणसानें जिभेखालीं धरावयाच्या गोळ्यांचें सामर्थ्यही उष्णतेनें कमी होतें, आणि नेमक्या ह्याच गोळ्या पुष्कळ घरीं “असूं द्या वेळेला” म्हणून मोटारीच्या पुढील खणांत वर्षानुवर्षें पडून असतात. छातींत कळ येईल त्या दिवशीं ती गोळी निकामी निघाली तर काय होईल, याचा विचार घरांतील कर्त्या माणसांनीं अवश्य करावा. म्हणून आमच्या घरीं ठरलेला नियम असा : पट्ट्या गाडीबरोबर राहाव्यात, गोळ्या माणसाबरोबर जाव्यात. आजोबांच्या गोळ्या आजोबांच्या पिशवींत, मुलांचें तापाचें औषध आईच्या पर्समध्यें. गाडींतून उतरलें कीं तीं औषधेंही उतरतात. मधुमेही मंडळींसाठीं साखरेची अथवा ग्लुकोजची पुडी मात्र गाडींत असावी. घाम सुटून हातपाय थरथरूं लागले, तर माणूस शुद्धीवर असेपर्यंतच ती द्यावी. शुद्ध हरपल्यावर तोंडांत कांहींही घालूं नये.

पेटीबरोबर एक पुठ्ठ्याचें कार्ड असावें. त्यावर घरांतील प्रत्येकाचें नांव, वय, रक्तगट, चालूं असलेलीं औषधें, कोणतें औषध सोसत नाहीं तें, आणि दोन नातेवाइकांचे दूरध्वनिक्रमांक लिहावेत. गाडी चालविणाराच जायबंदी झाला, तर ही माहिती कोणाच्या मोबाईलमध्यें बंद असून उपयोग काय?

पेटीची जागा आमच्या मतें पुढील आसनाखालीं किंवा मागें बसणारांच्या पायांपाशीं असावी. मागून धडक बसली तर डिकीचें झांकण दबून उघडतच नाहीं, आणि सामानाखालची पेटी काढण्यांत किती वेळ जातो, तें वर आलेंच आहे. डॅशबोर्डाच्या मानानें आसनाखालीं ऊनही कमी लागतें. मात्र ती पट्ट्यानें बांधलेली असावी, कारण करकचून ब्रेक लागल्यास सुटी पेटीच कोणाच्या तरी डोक्यांत बसावयाची.

सामग्री कितीही उत्तम असली, तरी रस्त्यावर जमणाऱ्या मंडळींच्या कांहीं जुन्या संवयी घात करितात, त्या सांगितल्याखेरीज आमच्यानें राहवत नाहीं. पहिली म्हणजे बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी ओतणें. तें पाणी पोटांत न जातां श्वासनलिकेंत जातें व माणूस गुदमरतो. श्वास चालूं असेल, तर त्यास अलगद कुशीवर वळवून ठेवावें. फेफरें आलेल्यास कांदा वा जोडा हुंगविणें निरुपयोगी आहे. आसपासच्या टणक वस्तु दूर कराव्यात, डोक्याखालीं घडी ठेवावी व झटका ओसरूं द्यावा. अपघातांत मान वा पाठ दुखावल्याचा संशय असल्यास, आगीचें अथवा मागून येणाऱ्या वाहनांचें भय नसेल तर, त्या माणसास उठवून बसवूं नये. भाजल्यावर तूप, हळद, दंतमंजन यांतलें कांहींही लावूं नये. वीस मिनिटें थंड पाण्याची धार हेंच औषध. सर्पदंश झाल्यास दोरी आवळणें, कापणें, चोखणें हे तिन्ही प्रकार टाळावेत. दंश झालेला अवयव हलूं न देतां माणसास जेथें प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयांत लवकर न्यावें. कोंकणांत फुरशांची वस्ती फार, तेव्हां हें तिकडे जाणारांनीं विशेष ध्यानांत धरावें. आणि रक्तस्राव थांबवितांना घडी उचलून पुनःपुन्हा आंत डोकावूं नये. पहिली घडी भिजली तर तिच्यावर दुसरी ठेवून दाब तसाच चालूं ठेवावा. आमच्या वहिनींस हें कोणीं शिकविलें होतें, कोण जाणे!

एवढें असूनही पुष्कळ सज्जन गृहस्थ अपघात पाहून गाडी थांबवीत नाहींत. पोलीस, साक्ष, कोर्टाच्या खेपा यांची धास्ती त्यांस वाटते. ही धास्ती आतां निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयानें ३० मार्च २०१६ रोजीं मदत करणारांच्या रक्षणार्थ केलेल्या मार्गदर्शक सूचनांस कायद्याचें बळ दिलें, आणि २०१९ सालच्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत १३४-अ हें कलम आलें. सद्भावनेनें व मोबदल्याची अपेक्षा न धरतां जखमीस मदत करणाऱ्यावर, त्या मदतींत कांहीं चूक घडली तरी, दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाहीं. आपलें नांव सांगण्याची सक्तीही त्याजवर करतां येत नाहीं. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर २०१४ पासून विनामूल्य रुग्णवाहिका मिळते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ व कोणत्याही संकटासाठीं ११२ हे क्रमांक आहेत. हे तिन्ही क्रमांक पेटीच्या झांकणावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावेत.

राहतां राहिली पेटीची निगा. दर महिन्यास पाहूं, असें म्हटलें कीं तें कधींच पाहणें होत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. म्हणून त्यास सणांची जोड द्यावी. दसऱ्यास मोटार धुऊन तिला झेंडूची माळ घालतात, त्याच वेळीं पेटी उघडावी. दुसरा दिवस गुढीपाडव्याचा. पुढें कडक ऊन येणार, तेव्हां डिंकाच्या पट्ट्या, हातमोजे व पुड्या तपासाव्यात. मोजे चिकट झाले असतील, पुडींत खडा धरला असेल, गॉझचें पाकीट दमट वा फाटलेलें असेल, तर तें बदलावें. प्रवासांत जें वापरलें, तें घरीं पोंचल्यावर बॅगा रिकाम्या होण्यापूर्वीं पुन्हा भरावें. हें काम घरांतील सातवी-आठवीच्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोंपवावें. झांकणाच्या आंतील बाजूस यादी व प्रत्येक वस्तूची मुदत त्यांच्या अक्षरांत असावी. मोठीं माणसें विसरतात, पण ज्याच्या नांवानें काम लागलें आहे तें मूल विसरत नाहीं.

मुदत संपलेलीं बँडेजें केरांत टाकूं नयेत. पट्टी बांधण्याच्या सरावास तीं चांगलीं. गेल्या दसऱ्यास आमच्या नातीनें त्यांतलेंच एक घेऊन आमच्या गुडघ्यास आठाच्या आकड्यासारखी पट्टी बांधली होती, ती पानें वाढून होईपर्यंत सुटली नाहीं.