निसर्ग चक्रीवादळ : नुकसान मोजायचे कसे?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा तसेच रत्नागिरीतील दापोली व मंडणगड तालुक्यांत घरांची छपरे उडाली, विजेचे खांब कोसळले. दूरध्वनी आणि मोबाइल सेवाही बंद पडल्याने मुंबईतील चाकरमान्यांना गावाची खबर मिळेना.

संपर्क पूर्ववत होऊ लागला, तेव्हा ग्रामस्थांनी मांडलेले नुकसान सरकारी हिशेबात बसणारे नव्हते. शासनाने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार रुपये केली. वाढ मोठी दिसली. परंतु कोकणातील वाडी गुंठ्यांत मोजली जाते. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्यास जेमतेम ५०० रुपये. लहानशा वाडीत नारळ, सुपारी आणि मसाल्याची पिके दाटीने एकत्र उभी असतात. म्हणूनच बागायतदार क्षेत्र न सांगता आडवी झालेली झाडे मोजून दाखवीत होते.

अखेर सुपारीच्या झाडास ५० आणि नारळाच्या झाडास २५० रुपये असा दर ठरला. झाडांची गणना मान्य झाली, रक्कम मात्र तुटपुंजीच राहिली. नव्याने लावलेली सुपारी फळण्यास पाच-सात वर्षे लागतात; तोवर बुडणारे उत्पन्न या दरात धरलेलेच नाही.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळाने कोकणास पुन्हा झोडपले. अरबी समुद्रातील वादळे वाढत असताना, झाडाचे वय आणि उत्पन्न यांची नोंद वादळापूर्वीच होणे अगत्याचे आहे.