खोकणाऱ्या मजुराची मजुरी

केम हे गाव कुंकवाचे, हे सोलापूर जिल्ह्यात कुणाला सांगावे लागत नाही. करमाळा तालुक्यातल्या या रेल्वे स्टेशनच्या गावाचे नाव कुंकवाने दूरवर नेले. पण कुंकवाच्या कारखान्यात खोकला म्हणजे धंद्याचाच भाग समजला जातो. पूड उडते, घसा खवखवतो, मजूर खोकतो आणि मालकही दुर्लक्ष करतो. धोका नेमका इथेच आहे. क्षयरोगाचा खोकला या धुळीच्या खोकल्यात बेमालूम लपतो. यंत्रमाग, बेकरी चालविणाऱ्या आपल्या बांधवांनाही हे लागू आहे.

संशय आला की आपण काय करतो? त्या मजुराचा चहाचा कप वेगळा ठेवतो. क्षयाचे जंतू कपाने पसरत नाहीत, हवेतून पसरतात. कप वेगळा, मात्र पूड उडू नये म्हणून खिडक्या बंद, असा हा उलटा कारभार! चाळणी-दळणाचे काम वेगळ्या खोलीत घ्यावे आणि जिथे माणसे बसतात तिथे समोरासमोरच्या भिंतींना झरोके ठेवावेत. यात फार भांडवल लागत नाही.

मोठा प्रश्न मजुरीचा आहे. रोजंदारीवरचा माणूस खोकला लपवितो, कारण तपासणीला गेला तर रोज बुडतो आणि रोग निघाला तर काम जाते. 2020 साली कोरोनात कारखान्यांच्या दारावर मास्कच्या पाट्या लागल्या, पण घरी बसणाऱ्याचा पगार कोण देणार हे फार थोड्या पाट्यांवर होते. 1896 च्या प्लेगात मुंबईचे गिरणी कामगार गावी पळाले आणि गिरण्या ओस पडल्या. भ्यालेला कामगार पळतो किंवा लपवितो, मालकाला दोन्ही महागच.

माझे म्हणणे एवढेच की, दोन आठवड्यांवर खोकला असलेल्याला तपासणीच्या दिवसाची मजुरी कापू नये आणि रोग निघाल्यास त्याची जागा राखावी. छोटे कारखानदार म्हणतील, सहा महिने बसवून खायला कसे घालणार? साध्या क्षयाचे उपचार सहा महिने चालतात हे खरे, पण औषधे लागू पडली की बहुधा काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका बराच ओसरतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की माणूस कामावर येऊ शकतो. तेवढ्या दिवसांची निम्मी मजुरी दिली, तरी नव्या माणसाला काम शिकविण्यापेक्षा ती स्वस्त पडेल.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली कामगार सुरक्षेची नवी संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे. त्यामुळे पाच-सात माणसांच्या कारखान्यात निरीक्षक येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. जिथे राज्य कामगार विमा लागू आहे, तिथे मात्र वर्गणी चुकवू नये. पात्र विमाधारकाला क्षयासाठी दीर्घ आजाराचा लाभ मिळतो. विमा नसलेल्या मजुरालाही सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत आहेत. शिवाय पोषणासाठी उपचार चालू असेपर्यंत दरमहा रक्कम थेट बँक खात्यात येते. 2018 साली ती 500 रुपये होती, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाली. मजुराचे खाते नसेल, तर ते उघडून देण्याचे काम मालकाच्या मुनीमाने करावे.