दप्तर उघडणाऱ्यांचा मान

भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना पुण्यात ७ जुलै १९१० रोजी झाली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे हे मंडळाचे संस्थापक. पेशवे दप्तर पुण्यातच होते, पण ते सरकारच्या ताब्यात आणि देशी अभ्यासकांना जवळजवळ बंद. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातले निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापले गेले, ते १९३० नंतर. तोवर मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल साधने हवी असतील तर ती लोकांच्या घरांतूनच मिळवावी लागत. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, इनामदार, देवस्थानचे पुजारी अशा घराण्यांच्या माळ्यांवर आणि पेट्यांत रुमालात बांधलेली दप्तरे पडून होती. राजवाडे गावोगाव पायपीट करून ती मिळवत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला आणि पुढे असे बावीस खंड झाले. एकट्याच्या पायपिटीला संस्थेचे रूप द्यावे, हा मंडळ काढण्यामागचा सरळ हेतू.

इतिहास मंडळ म्हणजे विद्वानांचा अड्डा, असा समज आजही आहे. पण या मंडळाच्या कामाची सुरुवातच मुळी सामान्य घरांच्या उंबरठ्यावर झाली. कागद बाहेर काढायला लोक सहजासहजी तयार नसत, आणि त्यांची कारणे खोटीही नव्हती. वतनाच्या दाव्यात एखादी सनद विरुद्ध बाजूच्या हाती लागली तर काय, ही धास्ती असे. भाऊबंदकीत दप्तराची वाटणी झालेली असे, त्यामुळे अर्धे कागद एका घरी तर अर्धे दुसऱ्या. कुठे रुमाल देवघरात ठेवून त्याची पूजा होई, पण तो सोडायचा नाही असा दंडक असे. या सगळ्यांची समजूत घालून कागद मिळवणे, ते वाचणे, नकलून घेणे आणि छापणे हा मंडळाचा पहिला लोकोपयोगी कार्यक्रम. त्याला तेव्हा कोणी असे नाव दिले नाही, एवढेच. मंडळाच्या संग्रहात आज पंधरा लाखांच्या आसपास कागद आणि सुमारे तीस हजार हस्तलिखिते आहेत, त्यांतला फार मोठा भाग असा घराघरांतून आलेला आहे.

एका घरातले दप्तर काय करू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण जेधे शकावलीचे. भोरजवळच्या कारीचे जेधे देशमुख हे शिवकाळातले नामांकित घराणे. त्यांच्या संग्रहातली ही शकावली म्हणजे शके १५४० ते १६१९ या काळातल्या घटनांची तिथीवार टिपणे. मजकूर अगदी कोरडा: अमक्या शकात अमक्या तिथीला अमुक घडले. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी १९१६ मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलन वृत्तात ती प्रसिद्ध केली. तोवर शिवजन्माची तिथी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७ अशी धरली जाई. शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी निघाली. पुढे तंजावरला सापडलेल्या परमानंदाच्या ‘शिवभारता’नेही तिलाच दुजोरा दिला. वाद मात्र पुढची कित्येक दशके चालला. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख महाराष्ट्र शासनाने मान्य केली ती २००१ मध्ये. एका घराण्याने जपलेल्या चार कोरड्या पानांमुळे सबंध राज्याची सार्वजनिक सुट्टी ठरली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कागद मिळाला तरी तो वाचता यायला हवा, म्हणून इतिहास मंडळांच्या कार्यक्रमांत मोडीचे वर्ग सर्वांत महत्त्वाचे. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली अक्षरे एकामागून एक जोडत जातात. शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नसते आणि संक्षेप पदोपदी येतात. अक्षरओळख काही दिवसांत होते, पण अडचण पुढे, कालगणनेत. पानिपतच्या वर्षातल्या पत्रावर सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा असतो. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर आणि अलफ हजार, मिळून ११६१. हा शुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, आणि यांतले नेमके काय मिळवायचे ते महिन्यावर ठरते, कारण हे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास बदलते. पत्र जानेवारीतले असेल तर ६००, म्हणजे १७६१. मागाहून ‘छ’ हे अक्षर येते. ते चंद्रतिथीचे, आणि त्यापुढचा महिना जिल्काद किंवा जमादिलाखर असा मुसलमानी. एवढे पार केल्यावर कुठे पत्राचा मजकूर सुरू होतो, आणि तो बहुधा लढाईचा नसून थकलेल्या पगाराचा किंवा बैलांच्या चाऱ्याचा असतो. वर्गाला तलवारी आणि खलित्यांच्या ओढीने आलेल्यांपैकी बरेच जण इथेच गळतात. जे टिकतात त्यांच्यावर पुढचे सगळे काम उभे असते.

मंडळाच्या पाक्षिक सभेची प्रथाही लक्षात घेण्यासारखी. नव्याने सापडलेल्या कागदावर कोणी टिपण वाचायचे आणि जमलेल्यांनी त्यावर शंका काढायच्या, असा तिचा साधा रिवाज. त्यातून मंडळाच्या त्रैमासिकाला लेख मिळत गेले. दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे, य. न. केळकर, शं. ना. जोशी ही मंडळी या वातावरणात वावरली. स्वतः राजवाडे पुढे मंडळापासून दुरावले आणि धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले, पण त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच गावात उभे राहिले. नागपूरला विदर्भ संशोधन मंडळ आहे. अलीकडे वारसा-फेऱ्या आणि गडसहली यांना फार गर्दी होते. लोकांना इतिहासाच्या वाटेवर आणायला त्या उपयोगी आहेत, याहून जास्त त्यांच्याकडून अपेक्षा करू नये.

राहिला प्रश्न पुरस्कारांचा. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि बेताची रक्कम हे स्थानिक इतिहास संस्थांच्या पुरस्काराचे रूप ठरून गेलेले आहे. तो बहुतेक वेळा छापील ग्रंथाला किंवा ज्येष्ठ अभ्यासकाच्या जीवनकार्याला मिळतो. यात गैर काही नाही, पण तोकडेपणा आहे. ज्याने वर्षानुवर्षे मोडीचे लिप्यंतर केले त्याचे नाव प्रस्तावनेतल्या ऋणनिर्देशात येते. ज्या घराने दप्तर उघडले त्याचा उल्लेख तळटीपेत होतो, कधी तोही नाही. व्याख्याता मात्र दरवर्षी नवा हार घेऊन घरी जातो.

वास्तूंच्या बाबतीत याहून चांगला नमुना उपलब्ध आहे. युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार २००० पासून दिले जातात. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाला २००५ मध्ये, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला २०२२ मध्ये त्यातला सर्वोच्च सन्मान मिळाला. त्याच वर्षी भायखळा स्थानकाचाही गौरव झाला. १९९३ पासून बंद पडलेले रॉयल ऑपेरा हाऊस दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये उघडले आणि पुढच्याच वर्षी पुरस्कारपात्र ठरले. या पुरस्काराच्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, दुरुस्ती पूर्ण होऊन वास्तू किमान वर्षभर वापरात असल्याखेरीज तिचा विचार होत नाही. दुसरी, मालक, वास्तुतज्ज्ञ आणि कारागीर यांनी मिळून केलेल्या कामाची ती दखल असते, एका व्यक्तीच्या कीर्तीची नव्हे. गावातल्या वाड्याला, घाटाला किंवा बारवेला पुरस्कार देताना हीच अट लावली तर रंगरंगोटी करून फीत कापणारे आपोआप बाजूला पडतील. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवल्यावर भिंत आतून ओल धरते, आणि तसला ‘जीर्णोद्धार’ पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच उघडा पडतो. वर्षभर थांबणे परीक्षकांच्याही सोयीचे.

कागदांसाठीही असाच निकष ठरवता येईल. दप्तर संस्थेकडे आले किंवा त्याच्या प्रतिमा निघाल्या, त्याची सूची तयार झाली आणि ती अभ्यासकांसाठी खुली झाली, की त्या घराला, सूचिकाराला आणि लिप्यंतर करणाऱ्याला मिळून एक पुरस्कार द्यावा. रक्कम मोठी नसली तरी चालेल. एकाच गावातल्या दुसऱ्या घराने तो सत्कार पाहिला की त्याच्या माळ्यावरचा रुमालही खाली येण्याची शक्यता वाढते, आणि हे काम कुठल्याही जाहिरातीने होणारे नाही. ग्रंथ-पुरस्कार बंद करण्याची त्यासाठी गरज नाही.

ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी काही पथ्ये पाळावीत. कागद लॅमिनेट करू नयेत, कारण ते पुन्हा पूर्ववत होत नाहीत. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, तिचा डाग कायमचा राहतो. घड्या जोराने उलगडू नयेत. वाळवी आणि ओल यांपासून दूर, स्वच्छ सुती कापडात ते ठेवावेत आणि जवळच्या इतिहास मंडळाला कळवावे. मूळ कागद हातचे सोडायचे नसतील तर निदान छायाचित्रे काढू द्यावीत.