आधीं नांवें, मग चित्रें

चित्रपटगृहांतील दिवे मालवले कीं पडद्यावर प्रथम अक्षरें उमटतात. पुष्कळ प्रेक्षक तेवढ्या अवधींत आपली जागा शोधतात, शेंगदाण्याची पुडी सोडतात किंवा शेजाऱ्याशीं राहिलेलें बोलणें उरकून घेतात. नांवें संपलीं म्हणजे खरा खेळ सुरू होईल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. यंदा माध्यम-वर्गाच्या विद्यार्थ्यांनीं मात्र नेमका हाच दुर्लक्षिलेला भाग अभ्यासासाठीं घेतला आहे. आपल्या गांवावरील एका लघुपटाची आरंभीची श्रेयनामावली आधीं कागदावर आंखावयाची व मग तिचें चित्रण करावयाचें, असें हें काम आहे. त्याविषयीं आम्हांस दोन शब्द सांगावयाचे आहेत; आणि ते पालकांनींही वाचावे, अशी आमची इच्छा आहे.

कोणत्याही खेळाचा आरंभ नीट व्हावा, ही जाणीव आपल्याकडे नवी नाहीं. नाटकाच्या आधीं नांदी होई व सूत्रधार येऊन पुढें काय पाहावयाचें आहे तें सांगे. कीर्तनांत पूर्वरंग असतो, तमाशांत प्रथम गण होतो. चित्रपट आला तेव्हां ही रीत पडद्यावर आली. १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत स्थापन झालेल्या व १९३३ सालीं पुण्यास गेलेल्या प्रभात फिल्म कंपनीचें बोधचिन्ह तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचें होतें. ती तुतारी ऐकली म्हणजे पुढें कांहीं चांगलें पाहावयास मिळणार, असा विश्वास प्रेक्षकांस वाटे. परदेशांत सॉल बास या चित्रकारानें १९५५ सालीं ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ या चित्रपटासाठीं काळ्या पडद्यावर नुसत्या पांढऱ्या पट्ट्या हलविल्या आणि शेवटीं त्यांतून एक वांकडा हात उभा केला. त्या काळीं कित्येक चित्रपटगृहांत नांवें चालूं असतांना पुढचा कापडी पडदा मिटलेलाच राही. म्हणून या चित्रपटाच्या डब्यांबरोबर, नांवें सुरू होण्यापूर्वीं पडदा उघडावा, अशी सूचना पाठवावी लागली. नांवेंही पाहण्याजोगीं असतात, हें तेव्हांपासून लोकांच्या ध्यानीं येऊं लागलें.

तेव्हां श्रेयनामावलीचें पहिलें कर्तव्य वचन देण्याचें आहे, आणि दिलेलें वचन पाळलें पाहिजे. हल्लीं मोबाईलवर अक्षरें उडवितां येतात, पेटवितां येतात, त्यांच्यामागें रणवाद्यें लावितां येतात. परंतु लघुपट बाजाराच्या दिवसावर असेल आणि आरंभीं किल्ल्याच्या बुरुजावर ढोल गर्जत असतील, तर प्रेक्षकाची फसवणूक होते. बाजारावरील चित्राचा आरंभ तागडीनें, गोणीनें किंवा भल्या पहांटे मांडलेल्या पालानें व्हावा. साधें चित्र विषयाशीं इमानी असेल, तर तें झगझगीत चित्रापेक्षां अधिक मनांत राहतें.

दुसरें कर्तव्य याहून मोठें आहे, आणि आमचें खरें म्हणणें त्याविषयींच आहे. श्रेयनामावली म्हणजे ऋणाची जाहीर कबुली होय. ज्यांच्या ज्यांच्या हातांनीं काम झालें, त्या सर्वांचीं नांवें तींत आलीं पाहिजेत. हें बोलण्यास सोपें आहे. इतिहास मात्र निराळें सांगतो. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रपटगृहांत लागला. दादासाहेबांचें नांव तेव्हांपासून सर्वांच्या मुखीं आहे व तें योग्यच आहे. परंतु त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं आपले दागिने या कामासाठीं दिले. कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारांत हातानें छिद्रें पाडिलीं, रसायनें कालविलीं, उन्हाचा प्रकाश नटांवर पाडण्यासाठीं पांढऱ्या चादरी धरल्या आणि सर्व मंडळींचा स्वयंपाकही केला. त्यांचें नांव लोकांच्या कानीं फार उशिरा पडलें. अजूनही कित्येकांस तें ठाऊक नाहीं.

आपल्या गांवाचेंच पाहा. धारूरचा किल्ला किश्वर खानानें १५६७ सालीं बांधला, असें आपण वाचतों. बांधण्याचा हुकूम त्यानें दिला असेल. परंतु बालाघाटाच्या या डोंगरावर दगड फोडणारे, तो घडविणारे, चुना मळणारे आणि पाणी वाहणारे यांच्यापैकीं एकाचें तरी नांव आपणांस सांगतां येईल काय? उलटपक्षीं संत जनाबाईचें उदाहरण घ्या. नामदेवांच्या घरीं दळणकांडण करणारी ती दासी. पण अभंगाच्या शेवटीं आपली नाममुद्रा घालण्याची संतांची रीत तिनेंही पाळली. म्हणून सातशें वर्षें लोटलीं तरी जात्यावर बसलेली ती बाई आपणांस नांवानें ठाऊक आहे. जें नांव लिहिलें गेलें तें उरलें, आणि जें लिहिलें गेलें नाहीं तें दगडाखालीं गेलें.

धारूर तालुक्यांत हा प्रश्न पुस्तकी नाहीं. दिवाळी झाली कीं येथील कितीतरी कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत कारखान्यांवर जातात, आणि उन्हाळा लागतां लागतां परततात. मुकादमाच्या हिशेबांत नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई उन्हांत मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. पण वहींत तिचें वेगळें नांव नसतें. ज्यांना गांवीं ठेवण्याची सोय होत नाहीं, अशीं मुलें आईबापांबरोबर फडावर जातात. आतां विचार करा. लघुपटाचा आराखडा पावसाळ्यांत झाला. कोणत्या चित्रानंतर कोणतें चित्र यावें हें एका मुलीनें वहींत काढून दाखविलें. किल्ल्यावर सकाळचें ऊन कोणत्या बुरुजावर प्रथम पडतें हें एका मुलानें पाहून ठेविलें. दिवाळीनंतर दोघेंही गेलीं. चित्रण पुढें पौषांत झालें व नांवें लिहिण्याची वेळ आली. त्या वेळीं समोर असलेल्यांचींच नांवें लिहिलीं गेलीं, तर शाळेची वही आणि मुकादमाची वही यांत फरक तो काय राहिला?

यावर कोणी म्हणतील कीं, इतकीं नांवें दाखविलीं तर प्रेक्षक कंटाळतील. थोडें गणित करूं. वर्गांत अठरा मुलें असतील, तर तीन तीन नांवांच्या सहा पाट्या होतात. प्रत्येक पाटी ४ सेकंद ठेविली तर २४ सेकंद लागतात. लघुपटाच्या नांवास ५ सेकंद द्या. अर्ध्या मिनिटाच्या आंत सर्वांचा सन्मान होतो. फाजील उड्या मारणाऱ्या अक्षरांस याहून अधिक वेळ लागतो. दुसरे म्हणतील, ज्यांनीं काम अर्ध्यावर सोडलें त्यांस श्रेय कशाला? आम्ही विचारतों, त्यांनीं काम सोडलें कीं पोटासाठीं त्यांस जावें लागलें? आळसानें घरीं बसलेल्यास श्रेय द्या असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. ज्यानें जेवढें केलें तेवढें त्याच्या नांवापुढें लिहा. ‘आराखडा’ आणि ‘चित्रण’ असे दोन निराळे शब्द आपल्या भाषेंत आहेत, ते याच उपयोगाचे आहेत.

यासाठीं पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी. कोणत्या दिवशीं कोणी काय केलें तें त्याच दिवशीं टिपावें. स्मरणावर विसंबूं नये, कारण स्मरण नेहमीं जवळच्या माणसाचीच बाजू घेतें. प्रत्येकाचें नांव त्याच्याच हातानें लिहून घ्यावें, म्हणजे ऱ्हस्वदीर्घाची चूक होणार नाहीं. पाटी पडद्यावर किती वेळ ठेवावी हें ठरवितांना तीवरील नांवें मोठ्यानें व सावकाश वाचून पाहावीं. गांवांतील आजीबाईंस वाचावयास जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ द्यावा. अक्षरें कोठें लिहावीं, हाही विचार करण्याजोगा विषय आहे. आपल्याच जिल्ह्यांत अंबाजोगाईस दासोपंतांनीं सुमारें ४० फूट लांबीच्या कापडावर ग्रंथ लिहिला; ती पासोडी प्रसिद्ध आहे. मग आपलीं नांवें पाटीवर खडूनें, गोणपाटावर चुन्यानें, किंवा अंगणांत रांगोळीनें लिहून त्यांचें चित्रण कां करूं नये? यंत्रांतील तयार अक्षरें सर्व जगाचीं सारखींच असतात; हातचीं अक्षरें आपलीं असतात.

पालकांसही एक विनंती आहे. महाराष्ट्र शासनानें १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नोंदींत बालकाच्या नांवानंतर आईचें नांव लिहिण्याचें ठरविलें आहे. कागदावरील ही गोष्ट मनांतही रुजावी. मुलांस चित्रणासाठीं ज्यांनीं आपला ओटा दिला, बैल धरून उभे केले, दुपारीं भाकरी बांधून दिली, त्यांचीं नांवें मुलें विचारावयास येतील. तेव्हां ‘आमचें कशाला’ असें म्हणून त्यांस परत पाठवूं नका. पूर्ण नांव सांगा. घरांतील बाईमाणसांचेंही सांगा.

सारांश, विद्यार्थ्यांनीं कोन, प्रकाश आणि संगीत यांचा अभ्यास अवश्य करावा. त्यांत कसूर करूं नये. परंतु कॅमेरा हातीं घेण्यापूर्वीं नांवांची यादी पुरी करावी, आणि ती वाचतांना एकच प्रश्न स्वतःस विचारावा: आज येथें नसलेला कोणी राहून तर गेला नाहीं ना? चैत्रांत फडावरून परतलेल्या मुलीनें शाळेच्या पडद्यावर आपलें नांव वाचलें, तर ती पुढल्या वर्षीं वर्गांत परत येईलच असें आम्ही म्हणत नाहीं. त्यास पुष्कळ गोष्टी लागतात. पण आपली जागा कोणी पुसली नाहीं, एवढें तिला निश्चित कळेल.