सर्दीच्या नळीतली नशा

१९३० च्या दशकात अमेरिकेतील स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीने चोंदलेल्या नाकासाठी ‘बेन्झेड्रीन इनहेलर’ बाजारात आणला. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या त्या इवल्याशा नळीत कागदाची घडी असे आणि तिच्यात तब्बल ३२५ मिलिग्रॅम ॲम्फेटामीन. तरुणांनी नळ्या फोडल्या, कागद कॉफीत बुडवले, गिळले. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर हा त्यांतलाच एक.

‘पिढी बिघडली’ हा निकाल आपण फार घाईने देतो. मला तो मान्य नाही. ज्या देशाने १९३७ मध्ये गांजावर कर-कायद्याचा बडगा उगारला, त्याच देशात ही नळी राजरोस विकली जात होती. तिच्यावर औषधाचे लेबल होते ना! १९४९ मध्ये मूळ कंपनीने आतले द्रव्य बदलले, तरी इतरांच्या ॲम्फेटामीन-नळ्या चालूच राहिल्या. त्यांना चिठ्ठीची सक्ती झाली थेट १९५९ मध्ये.

आणि ते बदललेले द्रव्य? प्रोपिलहेक्सेड्रीन. तेही चिठ्ठीविनाच मिळत राहिले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला त्याच्याही गैरवापराविरुद्ध इशारा द्यावा लागला.