क्यूआर कोडलाही पावती पुस्तक हवे

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातून नोव्हेंबर २०१७ मध्ये एक गोष्ट जगभर पोहोचली. रात्रीच्या वेळी एका तरुणीच्या गाडीतले पेट्रोल संपले. रस्त्याकडेला राहणाऱ्या एका बेघर माजी सैनिकाने स्वतःजवळचे शेवटचे २० डॉलर खर्चून तिला पेट्रोल आणून दिले. आता त्याच्या डोक्यावर छप्पर यावे म्हणून ती तरुणी आणि तिचा मित्र ‘गोफंडमी’ या मंचावर पैसे गोळा करत होते. १४ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ४ लाख डॉलरच्या वर रक्कम दिली. गोष्ट खोटी होती आणि ती तिघांनी मिळून रचलेली होती. पैसे नवी गाडी, सहली आणि जुगारात उडाले. पुढे तिघेही दोषी ठरले आणि मंचाने सगळ्या देणगीदारांचे पैसे परत केले. पण हे उघडकीला कसे आले, ते नीट पाहण्यासारखे आहे. मंचाच्या तपासणीत काही सापडले नव्हते. ज्या वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी ही कहाणी डोक्यावर घेतली, त्यांनाही शंका आली नव्हती. ऑगस्ट २०१८ मध्ये तो बेघर माणूस आपला वाटा मिळाला नाही म्हणून कोर्टात गेला, आणि त्या दाव्यामुळे सगळे बाहेर पडले. वाटणी सुरळीत झाली असती तर ती गोष्ट आजही माणुसकीचे उदाहरण म्हणून सांगितली गेली असती.

आपल्याकडची गाजलेली प्रकरणेही अशीच भांडणातून कळली. दिल्लीच्या मालवीय नगरमध्ये छोटा ढाबा चालवणाऱ्या वृद्ध दांपत्याचा व्हिडिओ ऑक्टोबर २०२० मध्ये देशभर पसरला आणि मदतीचा ओघ सुरू झाला. काही आठवड्यांतच ढाबामालकाने व्हिडिओ करणाऱ्या तरुणाविरुद्ध पैशांच्या गैरव्यवहाराची तक्रार पोलिसांत दिली. तरुणाने आरोप फेटाळला आणि पुढे दोघांत समेटही झाला. कोण खरे, कोण खोटे हा माझा मुद्दा नाही. किती पैसे आले, कोणत्या खात्यात आले आणि त्यातले किती कोणाला पोहोचले, हे पहिल्या दिवसापासून कोणालाही वाचता येईल असे एका कागदावर असते, तर तक्रारीची वेळच आली नसती. इंटरनेटवरून गोळा होणाऱ्या मदतीच्या बाबतीत आज आपल्याकडे लेखापरीक्षक म्हणावा असा एकच आहे, तो म्हणजे भांडण. जिथे ते होत नाही तिथे हिशेबही होत नाही.

गैरवापर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सराईत भामटा येतो. तसे भामटे आहेतच. आजारी बाळाचा फोटो खरा, रुग्णालयाची कागदपत्रे खरी, पण खालचा क्यूआर कोड तिसऱ्याचाच, अशी फसवणूक करायला फार कौशल्य लागत नाही. मात्र मला जास्त काळजी वाटते ती पैसे उरतात तेव्हाची, कारण तिथे प्रामाणिक माणसेही अडकतात. केरळमधल्या एका तरुणीने २०२० मध्ये आईच्या यकृत प्रत्यारोपणासाठी मदतीची हाक देणारा व्हिडिओ टाकला. थोड्याच दिवसांत तिच्या खात्यात सव्वा कोटींच्या घरात रक्कम आली, म्हणजे शस्त्रक्रियेला लागणाऱ्या खर्चाच्या कितीतरी पट. मग त्या आवाहनाला हातभार लावणाऱ्या समाजसेवकांनी उरलेले पैसे इतर रुग्णांसाठी आपल्या ताब्यात द्यावेत म्हणून दबाव आणला, धमकावले, अशी तिची तक्रार होती आणि कोची पोलिसांनी गुन्हा नोंदवला. आई शस्त्रक्रियेतून नुकतीच बाहेर आलेली, आणि मुलीवर जगासमोर खुलासे करण्याची वेळ. उरलेली रक्कम कोणाची? तिची, देणाऱ्यांची, आवाहन करणाऱ्यांची की पुढच्या रुग्णाची? प्रत्येकाने आपापल्या मनात वेगळे उत्तर धरले होते आणि कोणीच ते आधी लिहून ठेवले नव्हते.

त्यानंतर वर्षभरातच केरळमध्ये हाच प्रश्न दोन टोकांनी समोर आला. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या दुर्मीळ आजारावरच्या इंजेक्शनची किंमत तेव्हा १६ ते १८ कोटी रुपये सांगितली जात होती. जुलै २०२१ मध्ये एका मुलासाठी गरजेपेक्षा खूप जास्त, ४६ कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमली. कुटुंबाने आणि गावच्या समितीने संकलन थांबवले आणि उरलेले पैसे याच आजाराच्या इतर मुलांना देण्याचे ठरवले. त्याच महिन्यात दुसरे एक बाळ इंजेक्शन मिळण्याआधीच दगावले, तेव्हा त्याच्या नावाने १६ कोटींच्या वर पैसे गोळा झालेले होते. त्या पैशांचे काय करायचे, हा प्रश्न उच्च न्यायालयापुढे आला. रुग्णांसाठीच्या अशा संकलनावर सरकारचे लक्ष हवे, कोणीही उठून लोकांकडून पैसे गोळा करावेत असे चालणार नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने त्याच सुमारास म्हटले होते. पहिल्या कुटुंबाचे वागणे चांगले होते. पण ते चांगले वागले म्हणून पैसे योग्य जागी गेले. त्यांनी वेगळे काही ठरवले असते, तर त्यांना अडवणारा नियम नव्हता.

महाराष्ट्राला हा विषय खरे तर नवा नसावा, कारण लोकांकडून पैसे गोळा करण्याचा आपल्याइतका जुना आणि अंगवळणी पडलेला अनुभव फार थोड्यांना असेल. गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाला वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि उत्सवानंतर हिशेब द्यावा लागतो. सगळी मंडळे हे पाळतात असे कोणी म्हणणार नाही. पण न पाळणाऱ्या मंडळाला विचारता येते, कारण नियम आहे. एका बाजूला चाळीतून शंभर-दोनशे रुपये जमवणाऱ्या पोरांच्या हातात पावती पुस्तक असते आणि दुसऱ्या बाजूला फोनवरच्या एका लिंकवर रात्रीत कोटी रुपये जमतात, त्याला ना पावती ना हिशेब. एकाच रुग्णासाठी गोळा होणारा पैसा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या चौकटीत सहज बसत नाही, आणि बाकी नियामकही या वाटेला गेलेले नाहीत. सेबीने २०१४ मध्ये सामूहिक निधी उभारणीवर चर्चापत्र काढले, ते गुंतवणुकीच्या बाजूचे होते. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये व्यक्ती-व्यक्तींमध्ये कर्ज जुळवणाऱ्या मंचांसाठी नियम केले. ज्यात परताव्याची अपेक्षा आहे त्या पैशाला रखवालदार मिळाला. ज्यात काहीच परत नको, त्याला कोणी नाही.

फौजदारी कायदा आहे ना, असे यावर म्हटले जाते. भारतीय न्याय संहितेत विश्वासघातासाठी कलम ३१६ आहे, फसवणुकीसाठी ३१८ आहे. पण ही कलमे कामाला येतात ती गुन्हा घडून गेल्यावर, तक्रारदार पुढे आल्यावर आणि पुरावा असल्यावर. पाचशे रुपये पाठवलेला नाशिकचा किंवा न्यू जर्सीतला मराठी माणूस कोणत्या पोलीस ठाण्यात जाणार? त्याला आपले पैसे कुठे गेले हेच कळलेले नसते. शिवाय विश्वासघात सिद्ध करायचा तर पैसे नेमक्या कोणत्या कामासाठी सोपवले होते हे दाखवावे लागते, आणि आवाहनात ‘फूल ना फुलाची पाकळी द्या’ यापलीकडे काही लिहिलेलेच नसते.

मग मागायचे काय? फार नाही. ठरावीक रकमेच्या वरच्या प्रत्येक आवाहनात तीन गोष्टी आधी जाहीर व्हाव्यात: पैसे कोणाच्या खात्यात जाणार, जास्त जमले किंवा रुग्ण वाचला नाही तर उरलेल्या रकमेचे काय होणार, आणि हिशेब कधी, कुठे पाहायला मिळणार. उपचाराचा पैसा शक्य तिथे थेट रुग्णालयाच्या खात्यात जावा. ही कल्पना हवेतली नाही. मुख्यमंत्री सहायता निधीतून रुग्णाला मिळणारी मदत रुग्णालयाच्याच खात्यात जमा होते. केंद्र सरकारने दुर्मीळ आजारांसाठी २०२१ मध्ये जे देणगी पोर्टल सुरू केले, त्यातही पैसा ठरवून दिलेल्या रुग्णालयांकडे जातो. भारतातले मोठे खासगी मंचही ही सोय देतात. ती ऐच्छिक असू नये, इतकेच. मंचांनी आणखी एक करावे. देणाऱ्याच्या शंभर रुपयांतले शुल्क, जाहिरात आणि आधीच भरून ठेवलेली ‘टीप’ वजा जाता रुग्णापर्यंत किती पोहोचतात, हे पैसे भरायच्या बटणाशेजारीच लिहावे.

नियम आले की उशीर होईल आणि तेवढ्यात रुग्ण जाईल, हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या बापाला सरकारी टेबलांवर फिरवणे क्रूर होईल, हे मान्यच आहे. म्हणून मी पूर्वपरवानगी मागत नाही, जाहीर नोंद आणि नंतरचा हिशेब मागतो. पडताळणीसाठी नवा सरकारी विभाग उघडायचीही गरज नाही. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखाव्या लागतात, आणि त्यासाठी रुग्णाची कागदपत्रे रोज तपासली जातात. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. रुग्ण इथे दाखल आहे, खर्चाचा अंदाज इतका आहे आणि रुग्णालयाचा खाते क्रमांक हा आहे, एवढे एका शिक्क्याचे पत्र तासाभरात देता येते. त्या पत्राने लोकांचा विश्वास वाढेल आणि खरा रुग्ण असेल त्याचे आवाहन उलट लवकर पूर्ण होईल.

दुसरा आक्षेप आपल्या संस्कारातून येतो. दिलेल्या दानाकडे वळून पाहू नये, हिशेब मागितला तर ते दान कसले, असे पुष्कळांना मनापासून वाटते. या भावनेचा मला आदर आहे. पण देणाऱ्याने हिशेब न मागणे हे त्याचे मोठेपण झाले, आणि घेणाऱ्याने हिशेब न देण्याचा तो परवाना होत नाही. शिवाय आवाहन करणारा पुष्कळदा स्वतः घेणारा नसतोच, तो दुसऱ्याच्या नावावर मागतो आहे. दुसऱ्याच्या दुःखावर जमलेले पैसे सांभाळणारा माणूस विश्वस्त असतो. ब्रिटनमध्ये कॅप्टन टॉम मूर या माजी सैनिकाने वयाच्या शंभराव्या वाढदिवसाआधी घराच्या बागेत शंभर फेऱ्या मारून २०२० मध्ये आरोग्य सेवेसाठी सुमारे ३.९ कोटी पौंड जमवले. तो निधी योग्य जागी गेला. पण त्यांच्या नावाने नंतर निघालेल्या संस्थेत मुलगी आणि जावई यांनी खासगी लाभ घेतल्याचा ठपका तिथल्या चॅरिटी कमिशनने नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात ठेवला. पुस्तकांच्या करारातून जवळपास १५ लाख पौंड कुटुंबाच्या कंपनीला मिळाले होते, आणि त्यातला वाटा संस्थेला जाईल असा लोकांचा समज होता. मुलीला १० आणि जावयाला ८ वर्षे विश्वस्तपदापासून दूर ठेवण्यात आले. कॅप्टन मूर यांच्याबद्दलचा लोकांचा आदर त्या चौकशीला आड आला नाही.

सरकारने आरोग्यावर पुरेसा खर्च केला असता तर कोणाला हात पसरावे लागले नसते, हेही खरे आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्येही देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के वाटा लोकांनी थेट खिशातून भरला. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, म्हणजे सुधारणा झाली आहे, पण पाचातले दोन रुपये अजून घरातून जातात. दुर्मीळ आजारांच्या त्या सरकारी पोर्टलवर जमलेली रक्कम रुग्णांच्या गरजेपुढे नगण्य आहे. पण म्हणून हिशेबाची गरज कमी होत नाही, उलट वाढते. ज्या कुटुंबांना सरकारकडून पुरेसे मिळत नाही, त्यांच्याकडे लोकांचा विश्वास हीच एक पुंजी उरते. एका खोट्या आवाहनाची बातमी आली की पुढच्या दहा खऱ्यांकडे संशयाने पाहिले जाते, आणि ते दहाजण त्या भामट्याला ओळखतही नसतात.

हिशेबाच्या मागणीचे एक टोक मात्र टाळायला हवे. मदत घेतलेल्या माणसाने नवा मोबाईल घेतला, हॉटेलात जेवला, म्हणून त्याच्यावर तुटून पडणारे लोकही आहेत. पाचशे रुपये देऊन त्याच्या आयुष्यावर पहारा देण्याचा हक्क विकत घेता येत नाही. आजारपणाचा खर्च रुग्णालयाच्या बिलापुरता नसतो. मूल पाच महिने मुंबईत दाखल असले की गावाकडच्या बापाची रोजी बुडते, रुग्णालयाजवळ खोली भाड्याने घ्यावी लागते, दोन्ही वेळचे जेवण विकत घ्यावे लागते, घरी राहिलेल्या दुसऱ्या मुलाची फी थकते. हे खर्च खरे आहेत आणि ते आवाहनातच लिहिलेले असावेत: उपचारासाठी इतके, राहण्या-खाण्यासाठी इतके, बुडालेल्या मजुरीपोटी इतके. पहिली रक्कम रुग्णालयात जाईल आणि बाकीच्या कुटुंबाच्या हाती येतील. केरळच्या त्या तरुणीकडे असा कागद असता, तर दारात आलेल्यांना तिने तो दाखवला असता आणि ती आईजवळ जाऊन बसली असती.