तिळा तिळा, दार थांबव!

मंडळी, घराच्या गेटला किंवा गॅरेजच्या शटरला मोटर बसवायची ठरली की आपण विक्रेत्याला तीन प्रश्न विचारतो. रिमोट किती लांबून चालतो? मोबाईलवरून उघडतं का? आणि शेवटचं किती देणार? चौथा प्रश्न कोणी विचारत नाही. खरं तर तोच पहिला असायला हवा : चालू झालेलं हे गेट थांबतं कसं?

अलीबाबाची गोष्ट आपण लहानपणी वाचली ती ‘तिळा उघड’ या मंत्रासाठी. पण त्या गोष्टीत मेला कोण? कासीम. गुहेत शिरला, दार मागे बंद झालं आणि मंत्र विसरला. म्हणजे दार उघडण्याची जादू जुनीच आहे, आणि तिच्यापायी माणूस अडकतो हेही जुनंच आहे. आपण गोष्टीतला खजिना तेवढा लक्षात ठेवला, कासीमला विसरलो!

तुम्ही म्हणाल, एका मोटरीवरून केवढं रामायण! पण जरा विचार करा. चिऱ्यांच्या कुंपणाला लावलेलं बारा-चौदा फुटी सरकतं लोखंडी गेट तीन-चारशे किलोंचं सहज असतं. ते आपण हाताने ढकलत होतो तेव्हा ढकलणाऱ्याला डोळे होते. मध्ये मूल आलं, कुत्रं आलं, की हात आपोआप थांबायचा. मोटरीला डोळे नसतात, ते वेगळे विकत घ्यावे लागतात. आणि कोटेशनमध्ये नेमकी तीच ओळ आपण खोडतो.

अमेरिकेत हा धडा फार महाग पडला. तिथल्या घरांना वर सरकत छताला टेकणारं गॅरेजचं दार असतं. त्याचं वजन स्प्रिंगा तोलून धरतात, त्यामुळे अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटरही त्याला पुरते. या दारांखाली मुलं सापडून मरू लागली तेव्हा तिथे १९९० मध्ये कायदा झाला. १ जानेवारी १९९३ पासून घरगुती गॅरेजसाठी बनणाऱ्या प्रत्येक यंत्राला यूएल ३२५ या मानकाचे नियम सक्तीचे झाले. खाली येणारं दार कशालाही टेकलं तर दोन सेकंदांत उलटं फिरलं पाहिजे. शिवाय दाराच्या वाटेत कोणी आलं तर ते ओळखणारी दुसरी सोय हवी. म्हणून तिथे जमिनीपासून सहा इंचांच्या आत दोन्ही बाजूंना फोटोसेल लावतात. सहा इंच का? तर रांगणारं मूलही दिसावं म्हणून.

ब्रिटनमध्ये २०१० च्या जून-जुलैत, आठवड्याभरात, दोन लहान मुली विजेवर चालणाऱ्या गेटांत चिरडून गेल्या. एक पाच वर्षांची, एक सहा वर्षांची. त्यानंतर तिथल्या सरकारी सुरक्षा यंत्रणेने गेट बसवणाऱ्यांना ठणकावून सांगितलं की मोटरीचा जोर कमी ठेवला एवढ्यावर भागत नाही. युरोपचं ईएन १२४५३ हे मानक बंद होणाऱ्या कडेचा दाब ४०० न्यूटनच्या वर जाऊ देत नाही, म्हणजे साधारण चाळीस किलोंचा भार. तोही पाऊण सेकंदात १५० न्यूटनच्या खाली यायला हवा. वाचकहो, हा आकडा तुमच्या विक्रेत्याला विचारून पाहा. तो तुम्हाला रिमोटचा रंग दाखवेल.

आता आपल्याकडची तऱ्हा. फोटोसेल बसवला तरी तो टिकत नाही. आपला पाऊस, खारी हवा, कोळ्यांची जाळी, मुंग्यांची वारुळं, वर चढलेली वेल... भिंगावर काहीतरी येतं आणि गेट बंद व्हायचं थांबतं. खरं म्हणजे ते बरोबरच वागत असतं. दिसत नसेल तर हलू नये, एवढी अक्कल त्याला दिलेली आहे. पण आपण वैतागून फोन करतो. एक पोरगा स्कूटरवरून येतो, डबा उघडतो, दोन टर्मिनलांमध्ये तारेचा तुकडा अडकवतो आणि सांगतो, ‘‘झालं साहेब!’’ गेट पुन्हा सुरळीत. त्या इवल्याशा तारेने गेटचे डोळे फोडले, हे आपल्याला कळतही नाही. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांना मी हे सांगितलं तर ते हसून म्हणाले, ‘‘कांय जावचें ना रे!’’ हे आपलं राष्ट्रगीतच झालं आहे. भिंग पुसायला फडकं लागतं. फडक्याचं काम तारेवर भागवणाऱ्याला पैसे तर देऊ नयेच, दारातही उभं करू नये.

मी सरकारी कारकून. कोटेशनं फाईलला लावणं, तुलनात्मक तक्ते बनवणं हे माझं रोजचं काम. आमच्या कचेऱ्यांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण तिथे एक पद्धत आहे. वस्तू कशी हवी ते आधी कागदावर लिहायचं, दर नंतर मागवायचे. काय हवं ते लिहिलंच नाही तर सगळ्यात स्वस्त तेच सगळ्यात चांगलं ठरतं. घरी मात्र आपण लाखाचं काम चहाच्या टेबलावर तोंडी देतो आणि मग ठेकेदाराच्या नावाने बोटं मोडतो. तेव्हा घरासाठीही तो कागद करा. त्यात काय लिहायचं ते सांगतो.

पहिलं, गेट स्वतः. मोटर काढली तर ते एका हाताने, न अडखळता सरकलं पाहिजे. रूळ वाकडा, चाकं गंजलेली आणि वर हजार किलोची मोटर, हा इलाज नव्हे. अडकणारं गेट जास्त ताकदीच्या मोटरीने ओढायचं म्हणजे वाटेत येणाऱ्या माणसालाही त्याच ताकदीने चिरडायचं. रुळाच्या दोन्ही टोकांना भक्कम स्टॉपर हवेत आणि वर गेट आधाराला धरणारे रोलर. सरकतं गेट निसटून अंगावर पडल्याच्या बातम्या आपल्या पेपरांत येतच असतात. तो दोष मोटरीचा नसतो, दोनशे रुपयांच्या लोखंडी तुकड्याचा असतो.

दुसरं, जागा. आपली घरं चढउतारावरची. आत चढ असेल तर आत उघडणारं झडपांचं गेट जमिनीला घासतं, तिथे ते चालणार नाही. सरकत्या गेटाचा रूळ मात्र सपाटच हवा. उतारावरच्या रुळावर मोटर मोकळी केली की गेट आपलं आपण पळतं. गॅरेजला गुंडाळणारं शटर असेल तर ब्रेक सुटल्यावर ते कोसळू न देणारी वेगळी सोय आहे का, ते विचारा.

तिसरं, गेट उघडतानाचा धोका. सगळे बंद होण्याची काळजी करतात. पण गजांचं गेट खांबाच्या मागे सरकताना गजांतून बाहेर काढलेला हात खांबाशी कापला जातो. मुलं गेटला लोंबकळतातच, ती मुलंच आहेत. तिथे बारीक जाळी किंवा पत्रा लावा. मोटरीच्या दात्यावर झाकण हवं. आणि बटण अशा ठिकाणी हवं की ते दाबणाऱ्याला गेट दिसेल, पण मुलाचा हात पोचणार नाही.

चौथं, वीज. मृगाचा पहिला पाऊस आणि गेलेली वीज यांचं नातं गोंयकाराला वेगळं सांगायला नको. कॅलिफोर्नियात २०१७ च्या वणव्यांत वीज गेली. गॅरेजची दारं उघडेनात, लोक आत अडकले, काहींचा जीव गेला. मग तिथे कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून घरगुती गॅरेजच्या नव्या यंत्राला बॅटरी सक्तीची झाली. आपल्याकडे २४ व्होल्टच्या मोटरी बॅटरीसकट मिळतात. थोड्या महाग पडतात, पण घ्याव्यात. त्याहून महत्त्वाची ती मोटर हाताने मोकळी करायची किल्ली. ती पुष्कळ घरांत वरच्या मजल्यावरच्या कपाटात, वॉरंटी कार्डासोबत झोपलेली असते! ती जागेवर हवी आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही फिरवता यायला हवी. ॲम्ब्युलन्स बाहेर उभी आणि गेट आत अडलेलं, हे चित्र डोळ्यांसमोर आणा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबीही त्याच कागदावर लिहा. पावसात भिजणारी विजेची वस्तू आहे ती.

पाचवं, रिमोट. हो, त्याच्यावरही बोलू. स्वस्त रिमोट दर वेळी एकच ठरलेला संकेत पाठवतात. २०१५ मध्ये सॅमी कामकार या अमेरिकन संशोधकाने मुलांच्या एका खेळण्यात फेरफार करून, अशा संकेताची गॅरेजं दहा सेकंदांच्या आत उघडतात हे दाखवून दिलं. म्हणून रोलिंग कोडचा, म्हणजे दर वेळी संकेत बदलणारा रिमोट मागा. पन्नास मीटरवरून गेट उघडण्याचा सोस कशाला? आपल्याला दिसत नाही ते दार आपण हलवूच नये.

एवढं ऐकून कोणी म्हणेल, मग मोटरच नको! मी तसं म्हणत नाही. गुडघे गेलेल्या माणसाला, रात्री एकटीने गाडी घेऊन येणाऱ्या बाईला, धो धो पावसात छत्री सांभाळत गेट ढकलणाऱ्याला मोटर हवीच. माझं भांडण मोटरीशी नाही, तिच्या आंधळेपणाशी आहे.

आणि आणखी एका गोष्टीशी. मोटर आली की गेट दिवसभर बंद राहू लागतं. सकाळी पोंपों वाजवत येणारा पोदेर, नुस्तेकान्न, पोस्टमन, चवथीला आरतीला येणारे शेजारी सगळे बाहेर ताटकळतात. आत कोणीतरी रिमोट शोधतं आणि एका पावाच्या लादीसाठी चारशे किलो लोखंड हलतं. माणसं गाडीच्या वाटेने आत येतात, अपघाताची सुरुवात तिथूनच होते. आपल्या पूर्वजांना हे कळत होतं. मोठ्या दरवाजात छोटा दिंडी दरवाजा असायचा. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजालाही तो आहे. हत्तीची वाट वेगळी, माणसाची वेगळी! तेव्हा चालत्या गेटातच भोक पाडू नका, बाजूला कुंपणात तीन फुटांचं साधं, कडीचं, हाताने उघडणारं फाटक ठेवा. घरातली मुलं, पाहुणे, पोदेर तिथून येतील. सुरक्षाही साधेल आणि शेजारधर्मही. शिवाय वीज गेली तर कासीम व्हायची वेळ येणार नाही.

राहता राहिला खर्च. फोटोसेल, जाळी, स्टॉपर, छोटं फाटक... एकूण कामाच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे. गेटवर सोनेरी भाले आणि घराण्याचं नाव कोरायला आपण याहून जास्त मोजतो.

काम पुरं झालं की शेवटचा हप्ता देण्याआधी ठेकेदाराला उभा करा. गेट बंद होत असताना फोटोसेलपुढे लांब दांड्याची केरसुणी धरा. गेट थांबून मागे गेलं पाहिजे. मग वाटेत दीड इंची फळी उभी टेकवून ठेवा. गेट तिला लागताच उलटलं पाहिजे. शटर असेल तर तीच फळी खाली आडवी ठेवा. मग मेन बंद करून किल्लीने गेट मोकळं करायला घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सांगा. हे तिन्ही जमलं तर पैसे द्या. नाही जमलं तर देऊ नका. आणि हीच परीक्षा दर महिन्याला स्वतः घ्या.

उघडायला काय, कोणतंही दार उघडतं. जे आपल्या माणसासाठी थांबतं, तेच घराला लावावं.